दहा हजारांची परतवाट

स्वारीवर निघालेल्या सैन्याचे वर्णन करणारे लेखक सर्व देशांत विपुल आढळतात. त्याच सैन्याबरोबर पायी घरी परतून ती हकिगत लिहिणारा मात्र विरळा. आपल्या पानिपतचेच पाहा. १४ जानेवारी १७६१ या दिवशी रणांगणावर काय घडले हे सांगावयास बखरकार पुष्कळ पुढे आले. परंतु त्या संध्याकाळी जीव घेऊन निघालेली माणसे काय खात आली आणि वाटेत कोणास टाकून आली, याविषयी नाना फडणिसांच्या त्रोटक आत्मवृत्तासारखे एखादेच लिखाण आपणांस थोडेबहुत सांगते. वरसईचे गोडसे भटजी १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि बंडाच्या वणव्यातून घरी आले. त्यांचा 'माझा प्रवास' आज आपण आवडीने वाचतो, तो ते परत आले म्हणून आणि परत आल्याचे त्यांनी सांगितले म्हणून. परतीच्या वाटेचे असे वाङ्मय थोडे आहे, आणि त्यातील सर्वांत जुने व प्रसिद्ध पुस्तक म्हणजे झेनोफन या अथीनियन गृहस्थाचे 'अनाबासिस'. त्याविषयी येथे चार गोष्टी लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. आम्हांस ग्रीक भाषा अवगत नाही. इंग्रजी भाषांतरांच्या कुबड्या घेऊनच आम्ही या ग्रंथात हिंडलो आहोत, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे.

'अनाबासिस' या शब्दाचा अर्थ वर चढून जाणे. म्हणजे समुद्रकिनाऱ्यापासून देशाच्या अंतर्भागात जाणे. गंमत अशी की, सात भागांच्या या ग्रंथात चढून जाण्याची कथा पहिल्या भागातच आटोपते. उरलेले सहा भाग परतण्याचे आहेत. इराणचा बादशहा दुसरा आर्टाझर्क्सीस याचा धाकटा भाऊ सायरस याने भावाचे तख्त बळकावण्यासाठी इ. स. पूर्व ४०१ मध्ये सैन्य जमविले आणि त्यात भाडोत्री ग्रीक शिपायांची मोठी फौज घेतली. लढाईच्या आधी मोजदाद झाली, तेव्हा ढालाईत १०,४०० आणि हलक्या शस्त्रांचे सुमारे २,५०० भरले. बॅबिलोनजवळ कुनाक्सा येथे लढाई झाली. ग्रीकांनी आपली बाजू जिंकली. परंतु ज्याच्यासाठी लढावयाचे तो सायरसच त्या दिवशी पडला. धनी मेला, पगार बुडाला, आणि परक्या मुलखाच्या पोटात ही दहा हजार माणसे उभी राहिली. पुढे तिस्साफर्नीस या इराणी सुभेदाराने वाटाघाटीच्या मिषाने त्यांचे पाच सेनापती आणि वीस नायक आपल्या छावणीत बोलावून घेतले. नायक तेथल्या तेथे कापले गेले. सेनापतींस बादशहाकडे पाठवून त्यांचीही डोकी उडविण्यात आली.

त्या रात्रीचे वर्णन झेनोफनने मोजक्या वाक्यांत केले आहे. थोड्यांनीच अन्न घेतले, थोड्यांनीच शेकोट्या पेटविल्या. जो जेथे होता तो तेथेच आडवा झाला, आणि दुःखाने व मायदेश, आईबाप, बायकामुले यांच्या आठवणीने कोणास झोप लागली नाही. झेनोफन स्वतः या सैन्यात सेनापती नव्हता, नायक नव्हता, शिपाईही नव्हता. प्रॉक्सेनस नावाच्या मित्राने बोलाविले म्हणून तो आला होता. निघण्यापूर्वी त्याने गुरु सॉक्रेटिस याचा सल्ला घेतला. सॉक्रेटिसने डेल्फीच्या देवास कौल लावण्यास सांगितले. या पठ्ठ्याने जावे की न जावे हे विचारलेच नाही. जाण्यासाठी कोणत्या देवास बळी द्यावा एवढेच विचारले! सॉक्रेटिसने त्याची कानउघाडणी केली हे तो स्वतःच सांगतो. तो मित्र प्रॉक्सेनसही मारल्या गेलेल्या पाचांपैकी एक होता. दुसऱ्या दिवशी नवे सेनापती निवडले गेले, त्यांत झेनोफन निघाला. आघाडीस स्पार्टाचा चिरिसोफस राहिला, पिछाडी झेनोफनकडे आली. पिछाडी सांभाळणाऱ्याच्या वाट्यास मागे पडलेली सर्व माणसे येतात, हे पुढील कथेसाठी वाचकांनी ध्यानात ठेवावे.

सैन्याने गाडे आणि तंबू जाळून टाकले आणि ते तैग्रिस नदीच्या काठाने उत्तरेस निघाले. नदी ओलांडता येईना, म्हणून कार्दुखी नावाच्या डोंगरी लोकांच्या मुलखात शिरण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. हा मुलूख आजच्या तुर्कस्तानाच्या आग्नेय कोपऱ्यात येतो. तेथे पोहोचताच जादा सामान आणि नुकतेच धरलेले गुलाम टाकून देण्याचा हुकूम सुटला. सात दिवस हे सैन्य त्या डोंगरांतून चालले आणि सातही दिवस लढत चालले. वरून धोंडे गडगडत येत. कार्दुख्यांची धनुष्ये जवळजवळ तीन हात लांब, त्यांचे बाण दोन हातांहून मोठे, ढाल आणि चिलखत दोन्ही भेदून जाणारे. बादशहा आणि तिस्साफर्नीस यांनी मिळून जेवढे दुःख दिले नव्हते, तेवढे या सात दिवसांत भोगावे लागले, असा झेनोफनचा हिशेब आहे.

येथे एक प्रसंग घडला. एका खिंडीची वाट शत्रूने रोखली होती. दोन डोंगरी माणसे पकडून आणली आणि दुसरी वाट आहे काय, असे त्यांस निरनिराळे विचारले. पहिल्याने नाही म्हटले. पुष्कळ धाक घालूनही तो काही सांगेना, तेव्हा दुसऱ्याच्या डोळ्यांदेखत त्यास ठार करण्यात आले. मग दुसऱ्याने सांगितले की, वाट आहे. पहिल्याने ती दाखविली नाही, कारण त्या बाजूस त्याची मुलगी दिली होती. झेनोफन एवढे सांगतो आणि पुढे चालू लागतो. आम्हांस मात्र या वाक्यापाशी दरवेळी थांबावे लागते. दहा हजार माणसे आपापल्या घरी निघाली होती, ती दुसऱ्यांच्या घरांवरून चालत होती. कार्दुखी क्रूर होते असे म्हणणे सोपे आहे. परंतु आपल्या गावावरून परके सैन्य जाऊ लागले असता आपल्या मावळ्यांनी निराळे काय केले असते?

कार्दुख्यांच्या डोंगरातून बाहेर पडून केंत्रितीस नदी, म्हणजे आजची बोतान, ओलांडली आणि आर्मेनियाचे पठार लागले. शत्रू बदलला, आता आभाळ वैरी झाले. एका रात्री उघड्यावर निजलेल्या सैन्यावर इतका बर्फ पडला की माणसे आणि शस्त्रे झाकून गेली. सकाळी कोणी उठेना, कारण अंगावरचा बर्फ जोपर्यंत घसरून पडत नाही, तोपर्यंत त्याच्याखाली ऊब असते. तेव्हा झेनोफन उठला आणि अंगावर पांघरूण न घेता लाकडे फोडू लागला. ते पाहून दुसरा उठला, त्याने कुऱ्हाड घेतली. मग हळूहळू सर्व उठले, शेकोट्या पेटल्या, आणि त्या भागात सापडणारी चरबी, तिळाचे आणि कडू बदामाचे तेल अंगास चोळणे सुरू झाले. सेनापतीने स्वतः लाकडे फोडणे ही गोष्ट लहान खरी, परंतु सर्व ग्रंथात झेनोफन आम्हांस सर्वांत आवडतो तो या ठिकाणी.

पुढे युफ्रेटीस नदीच्या उगमाकडील भागात तिचे पाणी बेंबीपर्यंत लागले, आणि त्यानंतरचे दिवस सर्वांत वाईट गेले. उत्तरेचा वारा समोरून येऊन तोंडे बधिर करी. एका ज्योतिष्याने वाऱ्यास बळी देण्यास सांगितले. बळी दिला आणि वाऱ्याचा जोर उणावला, असे सर्वांस वाटले. बर्फ पुरुषभर खोल होता. जनावरे आणि गुलाम पुष्कळ मेले. शिपाई सुमारे तीस मेले. शिपायांचा आकडा दिला आहे, गुलामांचा नाही! रात्री जे आधी पोहोचत त्यांस लाकूड मिळे; उशिरा येणाऱ्यांस मिळत नसे. मग शेकोटीवाले लोक मागून आलेल्यांस जवळ येऊ देईनात; पदरचा गहू किंवा दुसरे काही खाण्याचे असेल ते द्यावे, तेव्हा शेकावयास जागा मिळे. शेकोट्यांच्या खाली बर्फ वितळून जमिनीपर्यंत खड्डे पडत, आणि त्यावरून बर्फाची खोली मोजता येई. अशा समयी बर्फाची खोली मोजणारा लेखक इतिहासास क्वचितच लाभतो.

माणसे चालता चालता पडू लागली. त्यांस काय होते हे झेनोफनला कळेना. एका अनुभवी शिपायाने सांगितले की, ही भुकेची मूर्च्छा आहे. चार घास पोटात गेले की उठतील. तेव्हा तो सामानाच्या जनावरांपाशी हिंडून, जेथे काही खाण्याचे दिसेल ते घेऊन, पडलेल्यांस वाटू लागला. खाताच ती उठत आणि चालू लागत. बर्फाच्या चकाकीने कित्येकांचे डोळे गेले. डोळ्यांसमोर काही काळे धरून चालले तर बचाव होई. पायांसाठी उपाय हा की, सतत हालचाल करावी आणि रात्री वहाणा सोडाव्या. जे वहाणा घालूनच निजत, त्यांच्या पायांत पट्टे रुतत आणि वहाणा गोठून बसत. कारण जुन्या फाटल्यामुळे नुकत्याच सोललेल्या बैलांच्या ओल्या कातड्याच्या वहाणा त्यांनी करून घातल्या होत्या. या सर्व गोष्टी वैद्याच्या टिपणासारख्या शांतपणे लिहिल्या आहेत.

एका दरीत ऊन पाण्याचा झरा होता. त्याच्या वाफेने बर्फ वितळून काळी जमीन उघडी पडली होती. मागे राहिलेले काही शिपाई तेथे जाऊन बसले आणि पुढे येईनात. शत्रू पाठीवर आहे असे सांगून झेनोफनने पुष्कळ विनवणी केली. शेवटी तो रागावला. ते म्हणाले, आम्हांस येथेच कापा. आम्हांस चालवत नाही. अंधार पडला होता, आणि पाठलाग करणारे लोक लुटीवरून आपसांत भांडत जवळ येत होते. तेव्हा पिछाडीच्या धडधाकट शिपायांनी त्यांच्यावर धाव घेतली आणि आजाऱ्यांनी बसल्या जागी होता नव्हता तेवढा जोर करून आरोळी ठोकली, भाले ढालींवर आपटले. शत्रू घाबरून बर्फातून दरीत पळाला. उद्या तुम्हांस न्यावयास माणसे येतील असे सांगून झेनोफन पुढे गेला. पाव कोसही गेला नसेल, तो सर्व सैन्यच वाटेवर बर्फात पडलेले आढळले. पहारा नाही, विस्तव नाही. पहाट होताच त्याने तरुण शिपाई मागे पाठविले आणि आजाऱ्यांस उठवून आणविले. वचन पाळले गेले.

त्यानंतर आर्मेनियातील खेडी लागली. घरे जमिनीखाली होती. तोंड विहिरीसारखे अरुंद आणि आत प्रशस्त, जणू आपल्याकडील पेवच. माणसे शिडीने उतरत. गुरांसाठी निराळे उतरते मार्ग खणलेले असत. आत शेळ्या, मेंढ्या, गाई, कोंबड्या; गहू, जव आणि कडधान्ये. जवाची दारू मोठ्या भांड्यांत भरलेली होती आणि तिच्यावर जवाचे दाणे तरंगत. भांड्यात पडलेल्या बिनपेऱ्याच्या नळ्यांनी ती ओढून घ्यावयाची. गावच्या पाटलाने बर्फात घोड्यांच्या पायांस लहान पिशव्या बांधण्याची युक्ती शिकविली, नाहीतर घोडे पोटापर्यंत रुतत. या पाटलाच्या मुलीचे लग्न होऊन नऊच दिवस झाले होते. पुढे त्याला वाटाड्या म्हणून नेले. वाटेत गावे लागली नाहीत म्हणून चिरिसोफसने त्यास मारले, पण बांधून ठेवले नाही, आणि तो रातोरात पळाला. बरोबर नेलेला त्याचा मुलगा मागेच राहिला. सर्व प्रवासात आपले आणि चिरिसोफसचे एवढ्याच गोष्टीवरून वाजले, असे झेनोफन नमूद करतो.

थेकीस डोंगराच्या माथ्यावरून समुद्र दिसल्याचा प्रसंग शाळेतील मुलांसही ठाऊक असतो; तेव्हा आम्ही त्यावर फार रेंगाळत नाही. पुढे आरोळी उठली, तेव्हा पिछाडीच्या झेनोफनला वाटले की हल्लाच आला. तो घोड्यावर बसून धावत गेला, तो शिपाई समुद्र, समुद्र म्हणून ओरडत होते, आणि सेनापती, नायक, शिपाई एकमेकांच्या गळ्यांत पडून रडत होते. त्यानंतर काळ्या समुद्राजवळच्या गावांत मध खाऊन सैन्य वेड्यासारखे झाले. उभे राहवेना, वांत्या होऊ लागल्या, परंतु मेला कोणी नाही. तेथील ऱ्होडोडेंड्रॉनच्या फुलांतील विष मधात उतरते, हे आता सिद्ध झाले आहे. मग ट्रॅपेझस हे ग्रीक नगर आले. केरासस येथे मोजणी झाली, तेव्हा ८,६०० माणसे शिल्लक होती.

या कथेचा खरा कळस समुद्रदर्शनात नाही, असे आमचे मत आहे. तो कोट्योरा या गावी आहे. पाचव्या भागाच्या शेवटी, जेथे घाईचा वाचक सहसा पोहोचत नाही. समुद्रकाठी आल्यावर, पोट भरल्यावर, या सैन्याने आपल्या सेनापतींचा हिशेब मागितला. जहाजांवरील मालाच्या राखणीत तूट आली म्हणून दोघांस वीस मिना दंड झाला. सोफिनेटस या वयोवृद्ध सेनापतीस हयगयीबद्दल दहा मिना झाला. मग काही जण उठले आणि म्हणाले की, झेनोफनने आम्हांस मारले. झेनोफनने पहिल्या फिर्यादीस विचारले, कोठे मारले? तो म्हणाला, जेथे आपण थंडीने मरत होतो आणि बर्फ सर्वांत जास्त होता, तेथे. चौकशी करता निघाले की, हा मनुष्य स्वतंत्र असून सोबत्यांनी त्याच्याकडे खेचर हाकण्याचे काम दिले होते. तेव्हा झेनोफनने त्यास ओळखले. एका आजारी शिपायास वाहून नेण्यासाठी त्यानेच याचे सामान दुसऱ्यांत वाटून, आजारी मनुष्य याच्या हवाली केला होता. पुढे पिछाडी घेऊन तो येतो, तर हा गृहस्थ खड्डा खणीत होता. आजारी मेला, त्यास मूठमाती देत आहे असे समजून झेनोफनने त्यास शाबासकी दिली. इतक्यात त्या 'मेलेल्या' माणसाने पाय आखडला. लोक ओरडले की, अरे, हा जिवंत आहे! त्यावर खेचरवाला म्हणाला की, जिवंत असेल तितका असो, मी काही यास नेणार नाही. तेव्हा झेनोफनने त्यास मारले होते.

भर सभेत खेचरवाल्याने विचारले की, म्हणून काय तो मेल्यावाचून राहिला? अर्थात तो शिपाई पुढे मेलाच होता. झेनोफनने उत्तर दिले की, मरावयाचे तर आपण सर्वच आहोत. तेवढ्यासाठी जिवंतपणी पुरून घ्यावयाचे काय? सभा गरजली की, यास मारले ते थोडेच मारले! पुढे झेनोफनने कबूल केले की, थंडीत बसून राहिलेल्यांस मी मारून उठविले, कारण एकदा लोकांची बांधाबांध होईपर्यंत मी स्वतः बसलो आणि मला पाय लांब करून उठणे कठीण गेले. मार तेवढा तुम्हांस आठवतो. थंडीत कोणास ऊब दिली, आजाऱ्यास काही मिळवून दिले, ते कोणी बोलत नाही, असे तो शेवटी म्हणाला. तेव्हा लोक उठून एकेक गोष्ट आठवून सांगू लागले, आणि प्रकरण गोडीने मिटले.

आता विचार करण्यासारखी गोष्ट ही की, हा खड्ड्याचा प्रसंग चौथ्या भागात नाही. बर्फ, भूक, डोळे, वहाणा सर्व तेथे आहे. वाऱ्यास दिलेला बळी आहे. परंतु जिवंत मनुष्यास पुरावयास निघालेला सोबती तेथे नाही. तो येतो तो आरोपाचे उत्तर म्हणून. फिर्याद झाली नसती, तर ही गोष्ट आपणांस कळली असती काय? आणि न सांगितलेल्या अशा गोष्टी किती असतील? काही आधुनिक अभ्यासकांच्या मते या हिवाळ्यातील सुमारे तीन महिन्यांचा मेळ झेनोफनच्या मुक्कामांच्या यादीत बसत नाही. शरदातील लढाई आणि वसंतात बाधणारा मध यांच्यामधले दिवस तो मोजतो त्याहून अधिक भरतात. हा वाद आम्ही सोडवू शकत नाही. परंतु डिओडोरस या उत्तरकालीन इतिहासकाराने या परतीचे वर्णन करताना झेनोफनचे नाव तोंडास लावलेले नाही, हेही खरे आहे. दंड भरणाऱ्या सोफिनेटसच्या नावावरही एक 'अनाबासिस' होते, त्याचे तुकडे तेवढे उरले. झेनोफनने तर दुसऱ्या एका ग्रंथात ही कथा सिराक्यूजच्या थेमिस्टोजिनीसने लिहिली असे म्हटले आहे, आणि स्वतःच्या पुस्तकात तो स्वतःस 'तो' म्हणतो. म्हणजे हे पुस्तक एका पक्षाची कैफियत होय. परंतु कैफियत लिहावयास बसलेल्या माणसाने फिर्यादीचा प्रश्नही लिहून ठेवला, 'म्हणून काय तो मेल्यावाचून राहिला?' हा खोचक आणि पुरता खोडून न काढता येणारा प्रश्न. म्हणून आमचा या लेखकावरील विश्वास कमी न होता थोडा वाढतोच.

खुद्द झेनोफन घरी पोहोचला काय? लांप्सकस येथे वाटखर्चास पैसा नसल्यामुळे त्याने आपला घोडा पन्नास डॅरिकांस विकला होता. त्याच्या आवडीचा म्हणून मित्रांनी तो सोडवून आणून त्यास परत दिला आणि किंमत घेतली नाही. उरलेले सैन्य इ. स. पूर्व ३९९ मध्ये स्पार्टाच्या सेनापतीने आपल्या नव्या लढाईस घेतले. अथेन्सने झेनोफनास हद्दपार केले. पुढे स्पार्टनांनी त्यास ऑलिंपियाजवळ स्किल्लस येथे जमीन दिली. तेथे त्याने आर्टेमिस देवीचे लहान देऊळ बांधले आणि दरवर्षी जत्रा भरवून आसपासच्या लोकांस भाकरी, दारू आणि शिकारीचे मांस तो वाढीत असे. हे पुस्तक त्याने तेथेच लिहिले असे सामान्यतः मानतात. त्या खेचरवाल्याचे नाव त्यात नाही, आणि खड्ड्याच्या काठावर पाय आखडणाऱ्या शिपायाचेही नाही.